मायशाच्या वडिलांचा गणिताचा वर्ग



कुर्ल्याला आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. आठवी, नववी, दहावीची पंचवीस-तीस मुले असतात. आम्ही पेशाने क्लार्क. आठवडाभर ऑफिसात बिले तपासायची आणि रविवारी सतरंजीवर बसून गणित शिकवायचे, असा आमचा क्रम. गणितच का, तर आम्ही बी.कॉम. झालो म्हणून. बी.कॉम.ला बीजगणित किती असते हे ज्यांना ठाऊक आहे ते हसतील. पण वस्तीत त्या वेळी दुसरे कोणी तयार नव्हते.

मागे एकदा एक भगिनी मुलीला घेऊन वर्गात आल्या. चार घरची धुणीभांडी करून पोरीला शिकवतात. म्हणाल्या, "भाऊ, हिच्या डोक्यात गणित शिरतच नाही. हिचं आपलं मराठी आन् इतिहासच बघा." आम्ही "बरं ताई" म्हणालो आणि मुलीला मागच्या सतरंजीवर बसवले.

ही मागची सतरंजी म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्या वर्गात दोन सतरंज्या होत्या. पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्यांना आम्ही समीकरणे शिकवायचो. मागच्यांना पाढे, भागाकार, शुद्धलेखन. अशी वाटणी करा म्हणून कोणी आम्हाला सांगितले नव्हते. वेळ थोडा, मुले फार, म्हणून ती आपोआप होऊन बसली. मागच्या सतरंजीवरचे मूल वर्षभरात पुढे आले असे एकही उदाहरण आमच्या वहीत नाही. तरी त्यात काही वावगे आहे असे आम्हाला कधी वाटले नाही.

वाटू लागले ते एका पुस्तकामुळे. आमच्या पुतण्याने 'रॅडिकल इक्वेशन्स' नावाचे इंग्रजी पुस्तक आणून दिले. २००१ साली निघालेले. लेखक रॉबर्ट मोझेस आणि चार्ल्स कॉब, दोघेही अमेरिकेतील कृष्णवर्णीय चळवळीचे कार्यकर्ते. डिक्शनरी शेजारी ठेवून दोन महिन्यांत वाचून काढले. या मोझेस मास्तरांची हकीकत आपल्या घराघरात माहीत असावी असे वाटले, म्हणून हा लेख.

रॉबर्ट ऊर्फ बॉब मोझेस यांचा जन्म २३ जानेवारी १९३५ चा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतला. घर सरकारी गृहनिर्माण योजनेतील इमारतीत. वडील एका सरकारी इमारतीत झाडलोट आणि देखभालीचे काम करत. मुलगा हुशार निघाला. परीक्षा देऊन चांगल्या सरकारी हायस्कुलात गेला, पुढे कॉलेज केले आणि १९५७ साली हार्वर्ड विद्यापीठातून तत्त्वज्ञान विषयात एम.ए. झाला. पीएच.डी. करायची होती. पण १९५८ साली आई वारली, वडिलांना इस्पितळात ठेवावे लागले. घराकडे बघायला हवे, म्हणून हार्वर्ड सोडून मोझेस न्यूयॉर्कला परतले आणि एका नामांकित खाजगी शाळेत गणिताचे शिक्षक झाले. शिक्षण अर्ध्यावर टाकून नोकरी धरावी लागण्याचे दुःख आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या टेबलाशी जाऊन बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. तिथून ती चळवळ गावोगाव पसरली. वर्तमानपत्रातील त्या मुलांचे फोटो पाहून मोझेस मास्तरांना घरी बसवेना. त्या उन्हाळ्याच्या सुटीत ते दक्षिणेत जाऊन आले आणि १९६१ साली शाळा सोडून मिसिसिपी राज्यात मतदार नोंदणीच्या कामाला लागले.

मिसिसिपी म्हणजे कापसाच्या मळ्यांचा मुलूख. मालक गोरे, वाट्याने कसणारे काळे. मतदार यादीत नाव घालायचे तर परीक्षा द्यावी लागे. राज्याच्या घटनेतील कोणतेही एक कलम अधिकाऱ्याने समोर ठेवायचे आणि अर्जदाराने त्याचा अर्थ लिहून द्यायचा. अर्थ बरोबर की चूक हे तो गोरा अधिकारी ठरवणार. काळा शिक्षक नापास, काळा पाद्री नापास, आणि गोरा अडाणी पास. १९६४ साली मताच्या वयाच्या काळ्या लोकांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची नावे यादीत होती. पुन्हा, जो नाव घालायला जाईल त्याचे काम सुटायचे, घर रिकामे करावे लागायचे. मोझेस यांना १९६१ च्या ऑगस्टात भर रस्त्यात डोके फुटेपर्यंत मारहाण झाली. त्यांनी खटला भरला, तर गोऱ्यांच्या ज्यूरीने मारणाऱ्याला सोडून दिले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या बरोबर काम करणारे हर्बर्ट ली नावाचे शेतकरी, नऊ लेकरांचे वडील, राज्याच्या एका आमदाराच्या गोळीने मेले. आमदार मोकळा सुटला.

१९६४ चा तो प्रसिद्ध 'फ्रीडम समर' मोझेस यांच्याच पुढाकाराने झाला. हजाराच्या आसपास तरुण स्वयंसेवक बाहेरून आले. चाळीसच्या वर 'स्वातंत्र्यशाळा' निघाल्या. तीन कार्यकर्त्यांचे खून पडले. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा आला. हा सगळा इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे, पुन्हा केव्हातरी लिहू. इथे त्यातील एकच प्रसंग हवा.

१९६३ साली मोझेस यांची एका न्यायालयात साक्ष चालली होती. न्यायाधीशांनी विचारले, लिहितावाचता न येणाऱ्या माणसांना तुम्ही मतदार नोंदणीला का घेऊन येता? मोझेस यांच्या उत्तराचा आशय असा. ज्या सरकारने एका अख्ख्या समाजाला शाळेपासून दूर ठेवले, त्याच सरकारला तुम्ही अडाणी आहात म्हणून मत देत नाही, असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. आम्ही ते पान तीनदा वाचले. त्या काळात सगळीकडे असे बोलले जाई की या काळ्या मजुरांना मत नकोच आहे, त्यांना त्यात गोडी नाही. मजुरांच्या बैठका भरू लागल्या, एकेक जण उठून स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, तेव्हा ते बोलणे बंद पडले. मोझेस स्वतः हळू आवाजात, थोडेच बोलत. पुढारीपणाची त्यांना इतकी अडचण वाटे की १९६५ मध्ये त्यांनी मोझेस हे आडनावच काही काळ सोडले. बायबलमध्ये मोझेस हा लोकांना गुलामीतून सोडवून नेणारा. लोक आपल्याला तसे मानू लागले तर स्वतः उभे राहायचे विसरतील, ही त्यांना धास्ती.

पुढे व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीचा हुकूम आला. तो न मानता ते आधी कॅनडात आणि तिथून पत्नी जेनेटसह आफ्रिकेतील टांझानियात गेले. तिथे सामे गावच्या शाळेत पुन्हा गणिताचे मास्तर. त्यांची थोरली मुलगी मायशा. स्वाहिली भाषेत मायशा म्हणजे जीवन. १९७६ साली कुटुंब अमेरिकेत परतले आणि एक्केचाळीस वर्षांचे, लेकुरवाळे मोझेस अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी सोडलेल्या हार्वर्डच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. विषय गणिताचे तत्त्वज्ञान.

बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पैसे साठवून, अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही माहीत आहे. म्हणून मोझेस पुन्हा शिकायला गेले याचे आम्हाला नवल वाटले नाही. काळ्या अमेरिकनांचे आणि आपले नातेही आजचे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे थोर विद्वान डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते, त्याचे उत्तरही आले होते. नवल वाटले ते या गोष्टीचे, की शिकायला गेलेल्या मास्तरांचे डोळे विद्यापीठात जितके उघडले त्याहून अधिक ते स्वतःच्या घरात उघडले.

मायशा आठवीत गेली. गाव केंब्रिज, बोस्टनला लागूनच. तिच्या शाळेत आठवीला बीजगणित नव्हते. आता तिकडची रीत अशी की, आठवीत बीजगणित झालेले मूल नववीला पुढच्या गणितात जाते आणि बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठते. ज्याचे आठवीत झाले नाही त्याला इंजिनिअरिंग-विज्ञानाची वाट चिंचोळी होते. वाट बंद झाल्याचे मुलाला कोणी सांगत नाही. आई-बापाला तर नाहीच नाही. वडील गणिताचे मास्तर, म्हणून मायशाला घरी शिकवत. पोरीची कुरकुर. शाळेचेही गणित करू आणि तुमचेही करू, दोन दोन गणिते का? बापाकडे शिकायला कोणते मूल राजी असते? आमच्याही घरी हेच.

शेवटी मोझेस तिच्या शिक्षिकेला भेटले, की वर्ग चालू असताना हिला तिथेच निराळे गणित करू द्याल का? बाई म्हणाल्या, तुम्हीच या ना वर्गात, आणि एकट्या मायशाला कशाला, आणखी दोन-तीन मुलांना घ्या. वर्ष १९८२. त्याच वर्षी मोझेस यांना मॅकआर्थर फाउंडेशनची पाच वर्षांची मोठी शिष्यवृत्ती मिळाली. अमुकच करा अशी अट नाही. एखाद्याने ती वर्षे पुस्तक लिहिण्यात घालवली असती. मोझेस मुलीच्या शाळेत कोपऱ्यातील टेबलाशी चार मुलांना घेऊन बसले. त्यातून जे उभे राहिले त्याला 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' म्हणतात.

वर्गात बसून त्यांनी आजूबाजूला पाहिले. एकाच खोलीत मुलांचे गट पडलेले. वरच्या गणिताच्या गटात बहुतेक गोरी, चांगल्या घरची मुले. खालच्या गटात काळी आणि गरिबांची. कोणी मुद्दाम केले होते का? नाही. मुलांना आपापल्या वेगाने जाऊ द्यावे, किती शिकायचे ते त्यांनीच ठरवावे, असे त्या वर्गाचे चांगले धोरण होते. पण बारा वर्षांच्या मुलाने स्वतःसाठी काय ठरवावे हे त्याच्या घरी किती शिकलेले आहेत यावर ठरत होते. आणि खालच्या गटाबद्दल शिक्षक काय म्हणत? त्यांना गोडी नाही, त्यांना नकोच आहे. मिसिसिपीतल्या मजुरांबद्दल ऐकलेले तेच वाक्य मोझेस यांना बोस्टनच्या शेजारी मुलांबद्दल ऐकायला मिळाले.

इथे आम्ही पुस्तक मिटले. मागची सतरंजी डोळ्यांपुढे आली.

त्यांनी मग एक साधी गोष्ट केली. मुलांच्या पालकांना पत्र पाठवून दोन प्रश्न विचारले. सातवीच्या सर्व मुलांना बीजगणित शिकवावे असे तुम्हाला वाटते का? आणि तुमच्या मुलाला शिकवावे असे वाटते का? उत्तरे मजेची आली. सर्वांना शिकवावे म्हणणारे थोडे. माझ्या मुलाला शिकवावे म्हणणारे जवळपास सगळे! ही उत्तरे एकत्र ठेवल्यावर शाळेला दुसरे काही म्हणता येईना. ज्याला हवे त्या प्रत्येक मुलाला बीजगणित खुले झाले. पालकांसाठी शनिवारी सकाळी बीजगणिताचे वर्ग सुरू झाले. कामावर जाणारे आईबाप वही-पेन्सिल घेऊन शाळेत बसू लागले.

पण दार उघडले म्हणून मूल आत जाऊन टिकतेच असे नाही. मोझेस यांच्या लक्षात आले की काही मुले अंकगणितातून बीजगणितात येताना एकाच ठिकाणी ठेचकाळतात. पाचातून तीन गेले ठीक. तीनातून पाच गेले की अडले. मुलाचे उत्तर ऐकून 'चूक' म्हणणे सोपे. त्यांनी विचार केला की या मुलाच्या मनात संख्येबद्दल प्रश्न तरी कोणता आहे? एकच, 'किती?' पहिलीपासून आपण त्याला तेवढाच शिकवला. बीजगणिताला दुसराही प्रश्न लागतो, 'कोणीकडे?' तो त्याच्या मनात कोणी घातलेलाच नाही. मूल मंद नव्हते. त्याला अर्धाच प्रश्न दिला होता.

इथे विद्यापीठातील अभ्यास कामाला आला. हार्वर्डचे नामवंत तत्त्वज्ञ क्वाइन यांचा एक विचार मोझेस यांनी उचलला. तर्कशास्त्र काय, गणित काय, ते आकाशातून पडलेले नाही. माणसे रोज जे बोलतात तेच बोलणे कापून, ताणून, नेमके करत करत ते तयार होते. शिक्षक म्हणून मोझेस यांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की आपण मुलाला एकदम शेवटच्या पायरीवर नेऊन उभे करतो, चिन्हे देतो आणि खालच्या पायऱ्या त्याला कधी दाखवतच नाही.

म्हणून त्यांनी मुलांना रेल्वेत बसवले. बोस्टनला 'रेड लाईन' नावाची मेट्रो आहे. सहावीची मुले आपल्या स्टेशनावरून बसायची, शहरात जाऊन यायची. परत आल्यावर आधी प्रवासाचे चित्र काढायचे. मग जे झाले ते आपल्या घरच्या बोलीत सांगायचे, लिहायचे. त्यानंतर त्या बोलण्यातून कामाचे तेवढे निवडायचे. निघालो कुठून, पोचलो कुठे, किती स्टेशने, कोणत्या दिशेने. शेवटी, अगदी शेवटी, त्याला चिन्हे द्यायची. चिन्हेही आधी मुलांनी स्वतः बनवायची. पुस्तकातली मागाहून.

हे वाचून आम्हाला राहवेना. आपली लोकल काय रेड लाईनपेक्षा कमी आहे? एका रविवारी आम्ही दोन्ही सतरंज्या जोडून टाकल्या आणि फळ्यावर आडवी रेघ मारली. मधोमध कुर्ला, त्याला शून्य. एका बाजूला विद्याविहार एक, घाटकोपर दोन, विक्रोळी तीन. दुसऱ्या बाजूला शीव, माटुंगा, दादर. 'अप' आणि 'डाऊन' हे शब्द आपल्या पोरांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. डाऊनला अधिक म्हणा, अपला ऋण. म्हणजे शीव ऋण एक, माटुंगा ऋण दोन, दादर ऋण तीन. आता घाटकोपरहून माटुंग्याला गेलो तर काय झाले? मुले म्हणाली, चार स्टेशने, अप. पोचलो ती संख्या ऋण दोन, त्यातून निघालो ती दोन वजा केली, ऋण चार. जमले. बरे, माटुंग्याहून घाटकोपरला आलो तर? चार स्टेशने, डाऊन. आता मांडा. दोन वजा ऋण दोन. उत्तर अधिक चार आहे हे मुलांना आधीच माहीत होते, कारण त्या गाडीने ती आलेली होती. 'मायनस मायनस प्लस' ही ओळ आम्ही स्वतः शाळेत छडी खाऊन पाठ केली होती. ती का खरी आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी.

मागच्या सतरंजीवरची ती मुलगी, आईने जिला मराठी-इतिहासच शिकवा म्हटले होते, तिने हात वर केला. "काका, शून्य कुर्ल्यालाच का?" आम्ही म्हटले, आपण इथे राहतो म्हणून. "पण माझी मावशी घाटकोपरला राहते. तिनं शून्य घाटकोपरला लावलं तर?" आम्हाला याचे उत्तर पुस्तकात वाचलेले नव्हते असे नाही, पण आम्ही गप्प बसलो आणि म्हटले, लावून बघा. मुलांनी सगळी स्टेशने पुन्हा मोजली. घाटकोपर शून्य, कुर्ला ऋण दोन, माटुंगा ऋण चार. घाटकोपरहून माटुंगा, ऋण चार वजा शून्य, ऋण चारच. "मावशीचं आणि आपलं उत्तर सेम येतंय!" शून्य कुठेही ठेवा, प्रवास तोच राहतो. हा प्रश्न पुढच्या सतरंजीवरच्या एकाही हुशार मुलाला सुचला नव्हता.

यावरून ती मुलगी एका दिवसात गणितात पहिली आली असे कोणी समजू नये. तिचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत. घटक चाचणीत वीसपैकी नऊ मिळाले. पण आता ती चुकलेले उदाहरण घेऊन येते आणि कुठे चुकले ते विचारते. पूर्वी ती वहीच उघडत नसे.

मध्यंतरी काही वर्षे आपल्याकडे दहावीला बीजगणित-भूमितीच्या जागी 'सामान्य गणित' घेण्याची मुभा होती. आता ती नाही. त्या वेळी आमच्याच वर्गातील एका मुलाला त्याच्या शाळेने ते घ्यायला लावले. वडील नाक्यावर बिगारी. सही करा म्हणाले, त्यांनी केली. आमचा सल्ला विचारायला बापलेक दोघेही आले होते. आम्हीसुद्धा म्हणालो, पास होणे महत्त्वाचे. पोरगा पास झाला. पुढे त्याला मशीनच्या शिक्षणाची ओढ लागली, तेव्हा बीजगणिताची पाटी कोरी. आज तो कुरिअरची पाकिटे वाटतो. भेटला की जयभीम करतो, राग मनात धरत नाही. त्याने धरला असता तर आम्हाला बरे वाटले असते.

मोझेस यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मायशा आणि तिच्या सोबतची मुले गावपातळीवरची बीजगणिताची परीक्षा पास झाली. प्रयोग इतर शहरांत गेला. आणि नव्वदच्या दशकात, साठी ओलांडलेले मोझेस ज्या मिसिसिपीत मार खाल्ला होता तिथेच, जॅक्सन शहरातील लॅनियर हायस्कुलात, गणित शिकवायला परत गेले. घर केंब्रिजला, वर्ग जॅक्सनला. मुले काळी, बहुतेक गरीब घरची. मोझेस यांचा आग्रह सर्वांत खालच्या गटातील मुलांसाठी असे. वर येणारी कशीही येतात, खालची वर आली तरच शाळा शिकवते असे म्हणता येईल, असे त्यांचे धोरण. त्या मुलांना रोज गणिताचा दुप्पट वेळ द्या, पाया तिथेच भरून काढा, ही मागणी. शिकून तयार झालेल्या मुलांनी, त्यात मोझेस यांची स्वतःची मुलेही होती, १९९६ साली 'यंग पीपल्स प्रोजेक्ट' काढला. हायस्कूलची मुले धाकट्यांना गणित शिकवतात आणि त्याचे त्यांना मानधन मिळते. ही मानधनाची कल्पना आम्हाला फार आवडली. दहावीचा मुलगा रविवारी चहाच्या टपरीवर राबण्याऐवजी सहावीच्या मुलाला शिकवून चार पैसे घरी नेईल, तर कोणत्या आईला नको आहे? आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय मांडला आहे. पैशाचे गणित अजून सुटलेले नाही. जयंतीच्या खर्चातील लाऊडस्पीकरचा एक दिवस कमी करावा असे आम्ही सुचवले, त्यावर बराच वाद झाला. असो.

मोझेस २५ जुलै २०२१ रोजी वारले, वय ८६. मतासाठी लढले आणि बीजगणितासाठीही लढले, आणि ही दोन निरनिराळी कामे आहेत असे त्यांनी कधी मानले नाही. ज्या काळात काम यंत्रावर आणि संगणकावर चालते, त्या काळात गणित न येणारा माणूस पूर्वीच्या निरक्षर शेतमजुरासारखाच दुसऱ्याच्या हिशेबावर जगतो, असे ते मानत.

आमच्या वर्गात आता एकच लांब सतरंजी असते. अडचणी आहेतच. पुढची मुले कधी कंटाळतात, त्यांच्या पालकांनी तक्रारही केली. आम्ही त्यांना मोझेस यांचे दोन प्रश्न विचारून पाहिले. पहिल्या प्रश्नावर ते गप्प झाले.

शनिवारचा पालकवर्गही आपण करून पाहू म्हटले, पण शनिवारी कोणाला सुटी? म्हणून रविवारीच मुलांच्या मागे आयांना बसायला सांगितले. पहिल्या रविवारी तिघीच आल्या. त्यात ती धुणीभांडी करणारी आमची ताई. लोकलचे गणित संपले आणि आम्ही फळ्यावर ऋण तीनशे वजा ऋण शंभर मांडले. मुले स्टेशने मोजू लागली, एवढी स्टेशने कुठली आणायची म्हणून अडली. ताई मागून म्हणाल्या, "अरे, वाण्याकडं तीनशेची उधारी हाय. त्यानं शंभर माफ केली, तर ऱ्हायली किती?"

"दोनशे उधारी," लेक म्हणाली.

"मग लिव्ह की फळ्यावर. मायनस दोनशे."

वर्ग दर रविवारी सकाळी नऊला असतो. आयांचे दळण-पाणी उरकावे म्हणून अर्धा तास उशिराने सुरू करू लागलो आहोत.